कपाटातला ट्रान्सफॉर्मर

नवीन जालन्यातल्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जुन्या उपकरणांचं एक काचेचं कपाट होतं. पितळी तराजू, होकायंत्रं, आणि सगळ्यात खाली निजामाच्या काळातला एक ट्रान्सफॉर्मर: सागवानी पेटी, वर चिनीमातीचे दोन खुंट, वायर कुठलीच नाही. द्वारकाबाई रोज ते सगळं पुसायच्या. त्यांचे मालक मच्छिंद्र तिथंच शिपाई होते. एक्क्याण्णव साली घनसावंगीच्या रस्त्यावर जीप उलटून ते गेले, आणि त्यांच्या जागेवर द्वारकाबाई लागल्या.

त्र्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी पुसताना पेटी कोमट लागली. ऊन तिथवर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लाईट गेली, पंखे थांबले, आणि त्या शांततेत पेटी बारीक घुमताना ऐकू आली. ओठ मिटून माणूस गुणगुणतो तशी. काचा पुसताना मच्छिंद्र असंच करायचे.

त्यांनी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बदरोद्दीन सरांना बोलावलं. सरांनी कान लावला, मग मीटर लावून पाहिलं. काटा हलला नाही.

"करंट बिलकुल न्हाई, बाई."

"मंग वाजून काय राह्यलंय, सर?"

सर रुमालाला हात पुसत राहिले.

त्यानंतर द्वारकाबाई दुपारचा डबा घेऊन कपाटाशीच बसू लागल्या. पेटीवर हात ठेवून घरचं सांगायच्या. पोरीचं जमलं, जावई बियाण्याच्या कंपनीत आहे. "तुम्ही पायजे होतात," म्हणायच्या. घुमणं जरासं वाढायचं. दोन वर्षांत त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

मार्चमध्ये औरंगाबादच्या एका संग्रहालयानं पेटी मागितली. न्यायला आलेल्या माणसानं झाकणाचे स्क्रू काढले आणि तो बदरोद्दीन सरांकडे बघून हसला.

"यातलं तांबं कधीच गेलंय, सर. लोखंडपण न्हाई. नुसतं खोकं आहे."

आत खरंच काही नव्हतं. पेटी मात्र गरमच होती.

ते दोघं कागदांवर सह्या करायला ऑफिसात गेले.

द्वारकाबाईंनी आत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. पेटी तेवढी खोल नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हळूच त्यांची बोटं धरली.

मच्छिंद्रांचा हात रुंद होता, राठ होता. हा बारीक होता, ओला.

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. हात काढला नाही.