अकरा सेकंदांचा आवाज

"आवाज माझाच आहे," पुढाऱ्याची मुलगी गुप्तहेर बाईंना म्हणाली. "पण आधीचं कापलंय."

गावभर पसरलेली ध्वनिफीत अकरा सेकंदांची होती. 'सफाई कामगारांना फुकटचा पगार हवा. झाडू धरायची लाज वाटते.' बस.

मुलगी शाळेत शिकवायची. वर्गातली निम्मी मुलं सफाई कामगारांची. त्यांच्या संपात बापाविरुद्ध ती उघड बोलली होती. आता पालक शाळेच्या दारात उभे होते आणि चार वाजता मुख्याध्यापिका तिच्या नोकरीचा निर्णय घेणार होत्या.

"हे मी रविवारी जेवताना बाबांना म्हणाले. 'तुम्हीच काल म्हणालात ना,' असं म्हणून त्यांची नक्कल केली. अगदी हळू. शेजारच्या खोलीत आजारी आई झोपली होती."

"आणि बाबा?"

"लगेच म्हणाले, नक्कल छान करतेस."

गुप्तहेर बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या मुलीला आणि सोबतच्या वकिलांना घेऊन पुढाऱ्याच्या घरी गेल्या.

"जेवताना फोन बाहेरच्या टोपलीत, हा साहेबांचा नियम," जेवायला हजर असलेले सचिव म्हणाले. "माझाही तिथेच होता."

मुलीचा भाऊ मान खाली घालून म्हणाला, "माझाही. मला कशाला ओढता यात?"

पुढारी प्रसन्न होते. कानात श्रवणयंत्र बसवून त्यांनी आपला फोन टेबलावर मावशींसमोर सरकवला.

"तुमचा फोन त्या दिवशी कुठे होता?" मावशींनी पुटपुटत विचारलं.

"टोपलीत. सगळ्यांत आधी मीच ठेवला."

चहाला जागा करायला वकिलांनी फोन उचलून मागच्या कपाटावर ठेवला. मावशींनी तितक्याच हळू पुढचा प्रश्न विचारला.

"काय? मोठ्याने बोला."

"चिडले वाटतं," वकील कुजबुजले.

"नाही हो. यांना ऐकू येईना." मावशींनी सगळ्यांना बोलावून घेतलं. "साहेबांचं यंत्र फोनमधून ऐकतं. फोन बोलणाऱ्यासमोर असला की पुटपुटलेलंही कळतं, दूर गेला की नाही. रविवारी मुलगी हळू बोलली आणि यांनी लगेच उत्तर दिलं. म्हणजे फोन टोपलीत नव्हता, तिच्या ताटाशी होता. रेकॉर्डिंगही त्याच फोनवर झालं. शब्द तुमचे साहेब, तोंड तेवढं पोरीचं."

पुढाऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "निवडणूक आहे. ही गप्प बसेना. आता बोलली तरी कोण ऐकणार? तिला दुसरी नोकरी लावून देतो की."

वकिलांनी कप खाली ठेवला.

"आईच्या आजारपणाचाही फायदा घेतलात, बाबा," मुलगी म्हणाली.

भाऊ उठला. कपाटावरचा फोन त्याने उचलला; तो अजून लॉक झाला नव्हता. रविवारचं रेकॉर्डिंग त्यात अख्खं सापडलं.

"ठेव तो. तुझं निवडणुकीचं तिकीट विसरलास?"

"द्या कुणालाही." त्याने मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि पहिल्या शब्दापासून सगळं ऐकवलं.

पलीकडून आवाज आला, "ताईंना सांगा, उद्या पहिला तास त्यांचाच आहे. पालकांना मी आता आत बोलावते आणि हेच ऐकवते."

मुलीने डोळे पुसले. बापाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सचिवांकडे वळला.

"निवेदन लिहा. बाप म्हणून मी तिला मोठ्या मनाने माफ केलं आहे."

सचिवांनी पेन काढलं.