गैरहजर सरांच्या घरी फोन

शाळेला दांडी मारून मी मत्स्यालयात शिरले, तर कासवाच्या टाकीपलीकडे आमच्या शाळेचे भूगोलाचे सर उभे. सोमवारी, सव्वाअकराला. कासवापेक्षा दमलेले.

माझ्या दांडीला कारण नव्हतं. पाच वर्षं मी शाळेच्या कचेरीत बसून गैरहजर मुलांच्या घरी फोन करते. ‘नमस्कार, आपला पाल्य आज शाळेत आलेला नाही.’ रोज वीस-पंचवीसदा. एकाच मुलाचे आजोबा चारदा वारलेत आणि चारही वेळा मी मनापासून हळहळलेय. आज बस शाळेपाशी थांबली, सगळे उतरले... मी उतरलेच नाही. एवढंच.

सरांना पाहून शहाण्या बाईने मागच्या मागे पळ काढला असता. मी फोन काढला. शाळेच्या वेळेत कोणी बाहेर दिसलं की माझा हात मला विचारत नाही. शिक्षकांच्या घरचे नंबरही मला पाठ आहेत.

“नमस्कार, आपला पाल्य आज शाळेत—” इथे मला पाल्याचं वय आठवलं. एकोणतीस.

पलीकडे सरांची आई होती. तिला काहीच नवल वाटलं नाही. बोलतेय कोण ते विचारून घेतलं, मग एकदम अगंतुगंवर आली. सरांना दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी मिळालीय म्हणे. पाचपर्यंत कळवायचंय, आणि त्याआधी तो हजेरीच्या खिडकीतल्या मुलीला काहीतरी विचारणार होता.

“ती तूच ना गं? मग विचारलं का त्याने?”

“नाही अजून,” मी म्हणाले. “मी गैरहजर आहे.”

टाकीला वळसा घालून मी त्यांच्यासमोर गेले. सर दचकले नाहीत. दचकायलाही ताकद लागते. खिडकी बंद दिसली, म्हणून पोट दुखतंय सांगून निघालो, म्हणाले. बाकीचे शिक्षक गैरहजरांची यादी मुलांच्या हाती पाठवतात. हे तीन वर्षं स्वतः आणून देतात. मला वाटायचं, वर्गातली मुलं यांचं ऐकत नसतील.

“तुमच्या आईशी बोलले मी आत्ता.”

“का?”

“तुम्ही शाळेत नव्हता म्हणून.”

त्यांनी जरा विचार केला आणि त्यांना ते पटलं. बहुतेक त्याच क्षणी मला ते आवडले.

“तिने काय काय... सांगितलं?”

“सगळं. प्रश्न तेवढा तुमच्यासाठी ठेवलाय.”

ते कासवाकडे बघत राहिले. कासवाने समजूतदारपणे डोळे मिटले.

“जाऊ का मी?” ते म्हणाले. “तुम्ही थांबा म्हणालात तर थांबेन. पण — तिकडचे नकाशे आपल्यासारखे फाटलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.”

“सर, रोज पंचवीस घरांना मी सांगते, तुमचं माणूस आलं नाही. माझ्या खिडकीशी तुम्ही आला नाहीत, असा दिवस मला बघायचा नाहीये.”

त्यांनी तिथूनच त्या दुसऱ्या शाळेला फोन लावला आणि येणं जमणार नाही, म्हणाले. कारण विचारलं असावं. माझ्याकडे बघत म्हणाले, “घरगुती.”

मग आम्ही बाकावर बसलो. आता काहीतरी गोड बोलायला हवं होतं... मला जांभई आली. मोठी, सगळे दात दाखवणारी.

“झोपा,” ते म्हणाले. “मी बसलोय.”

भर दुपारी, माशांच्या देखत, भूगोलाच्या खांद्यावर डोकं टेकून मी ढाराढूर झोपले.