राखी टोपीची पाखरं

शाहू महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. कोल्हापुरात शनवार पेठेत गैबी नावाचा एक कारागीर राहायचा. शिकारीत मारलेल्या जनावरांची कातडी कमवायची, आत भुसा-कापूस भरायचा आणि जनावर जिवंत वाटेल असं उभं करायचं, हा त्याचा घरचा धंदा. वाघ-सांबरं तो करायचा. पाखरांचं नाजूक काम त्याच्या थोरल्या भावाकडं, शमशुद्दीनकडं. पण आता शमशुद्दीन नव्हता. म्हणून भाद्रपदातल्या एका सकाळी हंबीररावांचं बोलावणं गैबीला आलं. त्यांनी दर्यावरून जमवलेल्या पाखरांची पेटी आली होती, त्यातली पाखरं ओळखून वेगवेगळी लावायची होती.

हंबीरराव सरदार घराण्यातले, आणि त्यांना पाखरांचं वेड. त्याच उन्हाळ्यात ते मंगळूरहून गलबतानं लखदिव बेटांकडं गेले होते, दर्यावरची पाखरं जमवायला. शमशुद्दीनला बरोबर नेलं होतं. मोठ्या बेटावरचं काम नीट पार पडलं. तिथून लांबवर एक उघडा खडक दिसायचा. त्यावर निराळी पाखरं बसतात असं कळलं, म्हणून शेवटी होडी तिकडं निघाली आणि खडकाच्या तोंडाशी लाटेत उलटली. बाकीचे वाचले. शमशुद्दीन सापडला नाही. दिवसभर खडकाभोवती हाका मारल्या, पाखरांशिवाय कुणी ओ दिली नाही.

घरी त्याची बायको नजीरा बांगड्या फोडायला तयार नव्हती. "मय्यत दावा, मग इद्दतीला बसते," एवढंच म्हणायची; इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस. गडहिंग्लजहून तिचा बाप सारखा खेटे घालत होता. तरणी पोर, मूलबाळ नाही, किती दिवस अशी अधांतरी ठेवायची?

हंबीररावांच्या सोप्यात पेटी उघडली. वरचा थर नीट होता. पाखरं कापसानं भरलेली, कातडं सडू नये म्हणून लावलेल्या सोमलाच्या साबणाचा उग्र वास. हंबीरराव मांडीवर रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन बसले आणि गैबी एकेक पाखरू उचलून सांगू लागला.

"चोच पिवळी, डोक्यावर काळा तुरा."

"मोठी सुरय. डावीकडं ठेव."

"पाठ काळी, पोट पांढरं, कपाळाला पांढरा पट्टा."

"ती काळी सुरय. फुडं?"

तळाच्या थराला हात लागला तेव्हा बोटं गार पडली. पाखरू सगळं तपकिरी होतं, कपाळावर तेवढी राख फासल्यासारखी टोपी. शेपटी सुरयेसारखी कात्री नव्हे, भरीव आणि टोकाशी जरा खाचेची. अशी बरीच होती. हंबीररावांनी पानं उलटली, एका चित्रावर बोट ठेवलं.

"घावली का, सरकार?"

"घावली... पण ही आमी मारली न्हाईत, गैबी."

"म्हंजी?"

"ही त्या खडकावरची. मोठ्या बेटावर एकबी नव्हतं. मी दुर्बिणीतनं बघितलेली, तेवढीच. आन् त्या खडकावर आमचं पाऊल पडलंच न्हाय की!"

"वाटंत कुणीतरी घातली असतील."

"खिळं माझ्यासमोर ठोकलं हायत. आज तूच उपसलंस."

गैबीनं पाखरू उलटं केलं. पोटावरची शिवण बारीक, एकसारखी, डावीकडं कललेली. शमशुद्दीन डावखुरा होता. कोल्हापुरात तशी शिवण दुसऱ्या कुणाची नव्हती. गैबीनं अंगठ्यानं जरा दाबलं, तर टाक्यांतून पाणी आलं आणि सोप्याच्या फरशीवर ठिपकलं. आत कापूस नव्हता, ओलं दर्यातलं गवत होतं. सोमलाचा वासही नव्हता. तरी एकही पाखरू सडलं नव्हतं.

"घरात बोलू नगंस," हंबीरराव हळूच म्हणाले.

पण गैबीला राहवलं नाही. संध्याकाळी एक पाखरू त्यानं फडक्यात गुंडाळून घरी नेलं. नजीरानं शिवणीवरून बोट फिरवलं, टाका टाका चाचपला.

"हे त्यांचंच काम."

"व्हय, भाभी."

"मग ते जित्तं हायती. त्या खडकावर हायती."

"तिथं गोडं पाणी न्हाय. चार म्हैने झालं की..."

"मग हे कुणी शिवलं? तू जातोस, का मी जाऊ?"

हंबीररावांनी जाण्याची सोय लावून दिली. दिवाळी होऊन दर्या निवळल्यावर गैबी मंगळुरास गेला, तिथून गलबतानं बेटावर. भर दुपारी, लख्ख उन्हात, दोन खलाशांनी त्याला होडीनं खडकावर उतरवलं. खलाशांना बघून पाखरं कालवा करून उठली होती. गैबीनं पाय ठेवला आणि सगळी गप्प झाली. एकेक करून खाली उतरली. दाणे टाकणाऱ्या बाईभोवती कोंबड्या जमाव्यात तशी त्याच्याभोवती जमली, मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघू लागली. दोघा भावांची चेहरेपट्टी सारखी होती, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

एकानं त्याच्या धोतराचं टोक चोचीत धरलं. हलकेच ओढलं, खडकाच्या पलीकडच्या बाजूला. मग दुसऱ्यानं.

"शमशू...?" त्यानं हाक मारली.

पलीकडून, खडकावर ओलं कातडं आपटावं तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

गैबी पुढं गेला नाही. वळला आणि होडीकडं पळाला. पाखरं पाण्यापर्यंत मागं चालत आली.

कोल्हापूरला येऊन त्यानं काही न लपवता सगळं नजीराला सांगितलं. पलीकडची बाजू बघायची छाती झाली नाही, हेही सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. ती उठली, शमशुद्दीन पाखरं शिवायचा त्या रेशमी दोऱ्याचं फळीवरचं रीळ आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"तू गेलास तवा हे भरल्यालं हुतं. रोज सकाळी दोरा कमी असतोय. मी हात लावला न्हाय. टोक बघ."

टोक ओलं होतं. गैबीनं जिभेला लावलं. खारट.

"भाभी, म्हंजी दादा..."

"न्हाईत," नजीरा म्हणाली. "जित्तं असतं तर दार वाजवून मागितलं असतं."

तिनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि इद्दतीला बसली. इद्दत सरल्यावर बाप तिला गडहिंग्लजला घेऊन गेला. पुढं तिचं दुसरं लग्न झालं, लेकरं झाली, संसार चांगला झाला.

गैबी त्याच घरात राहिला. धंदा सोडून त्यानं चामड्याचं दुकान टाकलं. हंबीररावांनी ती तपकिरी पाखरं रंकाळ्याकाठी पुरून टाकली आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. गैबीच्या घरचं रीळ मात्र रोज थोडं थोडं कमी होत राहिलं. ते संपत आलं की तो बाजारातून नवं आणून फळीवर ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, लागतंय."

एका हिवाळ्यात तो तापानं आजारी पडला आणि दोरा आणायचा राहून गेला. सकाळी थंडी वाजून जाग आली. अंगावरच्या वाकळेचे तुकडे जागच्या जागी होते, पण एकालाही दुसरा जोडलेला नव्हता. सगळी वाकळ उसवली होती आणि तिचा दोरा घरात कुठंच नव्हता.