अकरा मिनिटं वीस सेकंद

एकोणीस वर्षं मी एका सायंदैनिकात उपसंपादक आहे. दोन माणसांनी खात्री दिल्याशिवाय बातमी पानात घ्यायची नाही, हा माझा नियम. भुताखेताच्या कितीतरी बातम्या मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या आहेत.

या घटनेला साक्षीदार म्हणाल तर मी. दुसरी माझी आई, पण ती याबद्दल बोलत नाही.

तरीही लिहिते आहे, कारण हे घडलं आहे. वेळा मी त्या त्या क्षणी कागदावर टिपल्या होत्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही लख्ख दुपारी घडली.

शनिवार. दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या घराची मागची खोली, खिडकी उघडी, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

पुढच्या रविवारी आईला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिला काय हवं, हे मी महिनाभर आधी विचारलं होतं. तिने साडी नको म्हटलं, बाहेर जेवायला जाणं नको म्हटलं.

"ह्यांचा आवाज ऐकव," ती म्हणाली. "चेहरा आहे गं फोटोत. आवाज विसरायला लागलेय मी."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

धाकट्या भावाच्या फोनमध्ये बाबांचे व्हिडिओ होते. एकूण चौदा क्लिप, त्यातल्या सहांमध्ये बाबा बोलतात. एकीत ते स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करतायत आणि भावाला सूचना देतायत. एकीत माझा पेपर हातात धरून माझ्याच मथळ्याची चिरफाड करतायत. मला ते 'संपादकबाई' म्हणायचे. मी संपादक नाही हे त्यांना हजारदा सांगून झालं होतं.

या क्लिप जोडून एक छोटी फिल्म करायची, एवढंच काम. लॅपटॉपवर एडिटिंगचं साधं सॉफ्टवेअर घेतलं. क्लिप एकामागोमाग लावल्या आणि प्ले केलं.

आई बोलली. आवाज स्वच्छ.

वहिनी हसली. स्वच्छ.

मग स्टुलावर बाबा आले. त्यांचे ओठ हलले...

काहीच नाही.

घड्याळाचं झाकण निघाल्याचा खट्ट आवाज आला. मागे भाऊ "पडाल हं बाबा" म्हणाला, तेही ऐकू आलं. बाबा तेवढे मुके.

सहाही क्लिप पाहिल्या. सहाही तशाच.

मी घाबरले नाही. सॉफ्टवेअर रुसतं. आमच्या ऑफिसात व्हिडिओ विभागात एक मुलगा आहे, त्याला सगळे 'स्क्रू' म्हणतात. कारण कुठलंही यंत्र बिघडलं की तो आधी त्याचे स्क्रू काढतो. त्याला फोन लावला.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला, "पण शंभरातल्या नव्वद जणांचं म्यूटच असतं. पट्टीच्या डाव्या हाताला स्पीकरचं चित्र आहे ना? त्यावर काट तर नाही ना?"

"मी आंधळी आहे का रे?"

"सगळे असंच म्हणतात. बघा तर."

काट नव्हती. मग त्याने मला तासभर नाचवलं. आवाज कुठल्या स्पीकरला जातोय ते तपासलं. हेडफोन काढले, लावले. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. क्लिप दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतल्या. चित्र आणि आवाज वेगळे केले.

आवाजाच्या पट्टीवर बाबांच्या बोलण्याच्या लाटा दिसत होत्या. उंच, भरघोस. म्हणजे आवाज फाइलमध्ये होता.

फक्त मला ऐकू येत नव्हता.

"फाइल मला पाठवा," स्क्रू म्हणाला.

तीन पंचवीसला पाठवली. तीन चाळीसला त्याचा फोन.

"ताई, आवाज एकदम खणखणीत आहे की! मथळ्यावरून काय धुतलंय तुम्हाला बाबांनी! मला आवडले बुवा तुमचे बाबा."

मी फोन ठेवला. हेडफोन घट्ट दाबले. पेपरवाली क्लिप पुन्हा लावली.

बाबांनी पेपर झटकला, त्याची सळसळ आली. त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं. ओठ हलले.

शांतता.

शांतता...

आणि मग अगदी जवळून, कानाशी, एका बाईचा आवाज.

"हं."

मी हेडफोन काढून टेबलावर टाकले. क्लिप मागे घेतली. पुन्हा ऐकली. त्याच जागी, तोच आवाज.

"हं."

पट्टीवर त्या जागी वेगळी काही खूण नव्हती. आणि ही क्लिप भावाने काढली तेव्हा मी त्या घरात नव्हतेच. पेपर काढत होते.

पण आवाज माझा होता.

इथे थांबून दोन वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आमचं पहिलं पान दुपारी बारा चाळीसला छपाईला सुटतं. त्याआधीचा अर्धा तास माणूस माणसात नसतो. आणि बाबा नेमके त्याच वेळी फोन करायचे. एकटे असले की जास्तच. सकाळी किती वाजता उठलो इथपासून सुरुवात, आणि मधलं काहीही गाळायचं नाही.

फोन घेतला नाही तर काळजी करत बसायचे. घेतला तर पान अडायचं. म्हणून मी एक युक्ती काढली होती.

"बोला बाबा" म्हणायचं. फोन म्यूट करायचा, म्हणजे कीबोर्डची खडखड त्यांना ऐकू जाणार नाही. मग तो टेबलावर पालथा ठेवून काम करत राहायचं. मिनिटाभराने उचलायचा, तोंडाजवळ धरून म्यूट काढायचं आणि म्हणायचं, "हं." पुन्हा म्यूट. पुन्हा पालथा.

कानाला लावायचाच नाही.

शेजारच्या टेबलावरचा क्रीडावाला हसायचा. "काय हो, वडिलांना श्वास तरी घेऊ द्या."

मीही हसायचे.

त्या दिवशी त्यांचा फोन बारा एकोणतीसला आला. "बोला बाबा" म्हटलं. म्यूट केलं. बारा चाळीसला पान सुटलं, तेव्हा फोन उचलून प्रथमच कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. फोन तसाच ठेवून विसरले असतील, असं वाटलं.

मी फोन कापला. चहा मागवला.

एक वाजून दहा मिनिटांनी भावाचा फोन आला. आई गुडघ्याच्या व्यायामाला गेली होती. परत आली तेव्हा बाबा खुर्चीत होते. फोन मांडीवर.

डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच कुणाला कळलं असतं तर..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. लोकांची अर्धवट वाक्यं पूर्ण करणं हे माझं रोजचं काम. ते एक मी तसंच राहू दिलं.

त्या दिवशीचा मथळा काय होता, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी तो चार वेळा बदलला होता.

संध्याकाळी आईने बाबांचा फोन उघडून पाहिला. शेवटचं नाव माझं होतं.

"तुझ्याशी बोलत होते ना? काय म्हणाले?"

तोंडात जे आलं ते मी बोलले. "तुझ्या गुडघ्याचं म्हणत होते. तिला रोज संध्याकाळी गरम पाण्याने शेकायला सांग म्हणाले."

तेव्हापासून आई रोज शेकते. सहा वाजले की पाणी तापवते, लाल रबरी पिशवी भरते, गुडघ्यावर ठेवून अर्धा तास बसते. ताप असला तरी, पाहुणे असले तरी. कुणी काही म्हटलं तर सांगते, "ह्यांचं शेवटचं सांगणं आहे."

दोन वर्षं, एकही संध्याकाळ चुकली नाही.

तर तो शनिवार. मी फिल्म तशीच पुढे जोडली. इतरांना आवाज येत होता, मग प्रश्न माझ्या कानांचा. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कान उत्तम.

फिल्म बरोबर चोवीस मिनिटांची झाली होती. मंगळवारी दुपारी ती एक्स्पोर्ट केली. तयार झालेली फाइल पाहिली...

पस्तीस मिनिटं वीस सेकंद.

"शेवटी काळी पट्टी राहिली असेल, ताई," स्क्रू म्हणाला. "नंतरचं कापून टाका."

कापलं. पुन्हा एक्स्पोर्ट. पस्तीस वीस.

तीनदा कापलं. तीनदा पस्तीस वीस.

शेवटी हेडफोन लावले आणि तो काळा भाग सलग ऐकला. संपूर्ण शांतता होती. नुसता आवाज बंद असावा तशी नाही. समोर कुणीतरी आहे आणि ऐकत नाही, तशी. मध्येमध्ये तेवढं...

"हं."

मी मोजले. नऊ.

माझ्या जुन्या फोनमध्ये त्या दिवसाची कॉलची नोंद अजून होती. मी ती कधी पुसली नाही, कधी उघडलीही नाही. त्या मंगळवारी उघडली.

अकरा मिनिटं वीस सेकंद.

तेव्हा लक्षात आलं की मी काय ऐकते आहे. त्या दुपारी बाबांना फोनवर जे ऐकू आलं, ते.

रविवारी आईच्या घरी चौघेच होतो. आई, भाऊ, वहिनी आणि मी. दुपारचे चार वाजले होते. भावाने फिल्म टीव्हीला जोडली.

"चोवीस मिनिटं झाली की बंद कर," मी त्याला बजावलं. "पुढे बिघाड आहे."

"हुकूम, संपादकबाई," तो म्हणाला.

फिल्म सुरू झाली. बाबा स्टुलावर चढले आणि आईने तोंडाला पदर लावला. घड्याळावर काहीतरी बोलले असावेत, भाऊ खो खो हसला. मथळ्याच्या क्लिपला वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मीही हसले. ते हसतील तेव्हा हसायचं, एवढं मला जमत होतं.

चोवीस मिनिटं झाली. पडदा काळा झाला. भावाने रिमोट उचलला.

"थांब," आई म्हणाली.

"आई, संपलं."

"गप रे. बोलतायत."

भावाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. त्या दोघांना काहीही ऐकू येत नव्हतं, हे मी नंतर विचारून घेतलं.

आई काळ्या पडद्याकडे बघत होती. एकदा मान हलवली. एकदा हसली. एकदा "बरं" म्हणाली, अगदी हळू. मग ती पुढे वाकली. तिचे हात मांडीवर घट्ट झाले. ओठ हलायला लागले, जणू कुणाला तरी हाका मारतेय.

मला फक्त माझे हुंकार ऐकू येत होते. मी मोजत होते.

सात.

त्यानंतर आई एकदम स्थिर झाली. हात सैल पडले.

आठ...

नऊ.

फिल्म थांबली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक परत ऐकू यायला लागली. आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळली.

"तू मध्येमध्ये नुसतं 'हं' म्हणत होतीस."

मी काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"ते गप्प झाल्यावरही दोनदा म्हणालीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आई," मी म्हटलं, "काय म्हणाले ते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न तिने मला विचारला होता.

"तूच होतीस ना फोनवर?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

सहा वाजले. वहिनीने सवयीने पाणी तापत ठेवलं. आईने येऊन गॅस बंद केला.

लाल पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

याला आता आठ महिने झाले. पिशवी अजून त्याच खिळ्याला आहे, कोरडी. आई माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, पेपरचं विचारते. ते शेवटी काय म्हणाले, हे मात्र ती विचारत नाही. आणि सांगतही नाही.

फाइल माझ्याकडे आहे. सुट्टीच्या दिवशी बारा एकोणतीसला मी ती लावते आणि काळ्या भागावर नेते. हेडफोन कानाला असतात, समोर दुसरं काम नसतं. बाबांचा एखादा शब्द तरी येईल म्हणून थांबते. निदान मध्ये मी बोलू नये, म्हणून ओठ घट्ट मिटून त्यांवर हात दाबून बसते.

कालही तशीच बसले होते.

शांतता.

शांतता...

"हं."