अल्लीपूरचा दुपारचा हर्रास

हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी माझ्या कानांनी ऐकलंय. नावं बदलून लिहिणार होते, पण तेवढंही धाडस झालं नाही. जशीच्या तशी देतेय.

यंदाचा मे महिना. वर्धा जिल्ह्यातलं आमचं अल्लीपूर. वेळ भर दुपारची.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात दुपारी आमच्या भाजीबाजारात एकटं उभं राहून दाखवावं.

मी आचल. बाजाराची वेबसाईट मी घरून चालवते. सकाळी हर्रास, म्हणजे भाजीचा लिलाव, सुरू झाला की ओट्यावरच्या माइकमधून आवाज थेट साईटवर जातो. लोक शेतात बसून भाव ऐकतात. माझे बाबा, भैय्याजी, तर रोजचे. विकायला माल नसला तरी फोन कानाशी.

आधी हर्रास बोलायचे नानाजी. "एक… दोन… तीन" म्हणायचे आणि खांद्यावरचा दुपट्टा ढिगावर टाकायचे. दुपट्टा पडला की ढीग विकला गेला.

डिसेंबरात बाबांच्या वांग्यांच्या ढिगापाशी ते "दोन" म्हणाले… आणि तिथेच कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

"तीन" राहिलंच.

अर्धवट हर्रासाचा ढीग आमच्याकडे कोणी घरी नेत नाही. तो गाईंना घालतात. पण वांगी होती एक नंबर. बाबा आणि शेजारचा भाजीवाला प्रेमदास, दोघांनी ती अर्धी अर्धी वाटून घेतली.

मार्चपासून साईटवर गर्दी वाढली. पुलगावचे, तळेगावचे लोकही ऐकू लागले. मला आनंदच झाला. मग साईट अडकायला लागली.

पण सकाळी नाही… दुपारी.

दुपारी तर बाजार बंद असतो. माइकची वायर मी स्वतः काढून ठेवते. तरी सर्व्हरवर गर्दी मावेना. एकदा मीच हेडफोन लावून ऐकलं.

माशांची घोंघों… टोपली ओढल्याचा आवाज… आणि मग नानाजी.

"प्रेमदासचा ढीग… एक… दोन…"

तिथे आवाज तुटला. स्क्रीनवर लोडिंगचा गोल फिरत राहिला.

जुनं रेकॉर्डिंग अडकलं असेल, असं मी मनाला समजावलं. रोज तेच व्हायचं. रोज "दोन"वर तुटायचं. साईटचा खर्च उचलणारे अडत्ये किशोरकाका वैतागले. "लोकं वाढून राह्यले तं प्लॅन मोठा घे नं, आचल. अटकू काऊन देऊन राह्यली?"

त्यांचंही खरंच होतं. बँडविड्थ म्हणजे पाइपाची जाडी समजा. पाणी वाढलं की पाइप मोठा घ्यायचा. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज अगदी स्वच्छ आला.

"प्रेमदासचा ढीग… एक… दोन…"

गोल फिरला नाही.

"तीन."

आणि कापड पडल्याचा हलका आवाज.

संध्याकाळी प्रेमदास दुकानात बसल्या जागी गेला. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या बायकोने, मोहिनीवहिनीने, मला बाजूला घेतलं. त्याच्या छातीवर एक दुपट्टा पडलेला होता म्हणे.

"आमच्या घरी असा दुपट्टा नोहता वो," ती म्हणाली.

मी पाहिला. ओळखला.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ऐकतंय तरी कोण, हे पाहायला सकाळी साईटवरचा ऐकणाऱ्यांचा नकाशा उघडला. दुपारचे सगळे ठिपके एकाच जागी होते. आमच्या बाजाराच्या ओट्यावर. तिथे दुपारी कुत्रंही बसत नाही.

त्या दुपारी मी लॅपटॉपसमोरून हलले नाही.

माशा… टोपली…

"भैय्याजीचा ढीग…"

बाबांचं नाव.

"एक…"

सगळ्यात लहान प्लॅन दाबला. दोनदा चुकला.

"दोन…"

गोल फिरायला लागला. मी रडत रडत अख्खी साईटच पुसून टाकली.

बाबांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"नानाजी कोणाचा माल अर्धा नाई सोडत, बेटा," एवढंच म्हणाले.

मग आम्ही टोपलीभर वांगी विकत आणून गाईपुढे ठेवली. गाईने वास घेतला… आणि तोंड फिरवलं.

दहा-बारा दिवस शांततेत गेले. काल सर्व्हरवाल्या कंपनीचा मेसेज आला. तुमच्या साईटवरचं ट्रॅफिक सतत वाढतंय, म्हणून बँडविड्थ आम्हीच वाढवून दिली आहे, अभिनंदन. मी फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, असं खातंच आमच्याकडे नाही, मेसेजही आम्ही पाठवलेला नाही.

आज दुपारी बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. फोन कानाशी.

मी हाक मारली. त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून.

"आता आवाज चांगला येऊन राह्यला," ते हळूच म्हणाले. "अटकत नाई."

मी फोन ओढून घेतला. तो बंद होता. चार्जिंग संपून स्क्रीन काळी झालेली.

बाबांचा रिकामा हात कानाशीच राहिला. ते अजून ऐकतच आहेत.

हे मी त्यांच्या खाटेपाशी बसून लिहितेय. एका हाताने त्यांचा हात धरलाय. खोलीत माशा नाहीत, तरी घोंघों येतेय.

दुपार अजून संपलेली नाही.