वर्गणीचा शेवटचा दिवस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी मी नंदुरबारहून कोरीटला गेले, ती वत्सलाकाकूच्या साध्याशा कामासाठी. उन्हानं गाव निपचित पडलं होतं. घरात आमरसाचा आणि विस्तवावर टाकलेल्या तुपाचा वास कोंडला होता.

काकूचा मुलगा योगेंद्र मोबाईलवर हजारो लोकांसोबत एक खेळ खेळायचा. महिन्याची वर्गणी भरणाऱ्यालाच त्या खेळातल्या नगरात शिरता येई. फार तर सोबत एक पाहुणा बोलावता येई. योगेंद्र तापानं गेला, पण काकूनं वर्गणी थांबू दिली नाही. ती पैसे द्यायची, मी भरायचे आणि माझ्या मोबाईलवर तिला दाखवायचे. नगरातल्या त्याच्या घराच्या अंगणात तो उभा दिसे, तेवढ्यावर तिचा महिना निघे. लोक हसत. मला कधी हसू आलं नाही.

आता कंपनीनं जाहीर केलं होतं, उद्यापासून खेळ सगळ्यांना फुकट. कपडे, तलवारी मात्र विकत. फुकटचं कुठं फुकट असतं!

"सकायपाइन कोनी बी घुसी?" काकूनं विचारलं.

"हो. पण त्याचं घर राहील, काकू."

"मी भरस म्हनीसन तो तठे शे, आसं वाटे माले. फुकटमा कोन कोनले धरी ठेवस?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. कोपऱ्यात एकच घागर होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. योगेंद्रची. काकूचे यजमान लोटनकाका कित्येक वर्षांपूर्वी तापीवर पाण्याची मोटर बघायला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांची घागर भरायची म्हणजे ते गेले असं मानायचं. काकू अजून ठसठशीत कुंकू लावायची.

मी खेळ उघडला. नगर ओस पडलं होतं. योगेंद्र अंगणात होता. पण कुंपणाबाहेर आणखी कुणीतरी होतं... पाहुण्यांना मिळतात तसल्या राखाडी कपड्यांत, सगळा भार एका पायावर टाकून. डोक्यावर नाव होतं, लोटन.

"कोणीतरी पोरगा असेल, काकू... नावं काय, सारखी असतात."

तिनं ऐकलंच नाही. "बांधवर आशेच उभा ऱ्हायेत..."

बाहेर झळा सुटल्या होत्या. कुठं पान हलत नव्हतं.

"कामिनी... तहान लागनी व्हई त्यासले."

ती उठली. दुसरी घागर काढून भरली. थेंबभरही पाणी सांडलं नाही. वर आंबा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. मग पदरानं कुंकू पुसलं. मी रडले, ती रडली नाही.

खाटेवरचा मोबाईल उचलला, तर कुंपणाचं फाटक उघडं होतं. अंगणात कोणी नव्हतं.

आता तिथं कोणीही शिरतं, नुसता बाजार भरलाय. योगेंद्र मात्र पुन्हा दिसला नाही. "दोन्हीजन संगे गयात," असं म्हणून काकू आता शांत झोपते. म्हणूनच एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. पाहुण्याला बोलवायचं तर खात्यात शिरूनच बोलवावं लागतं, आणि ते खातं फक्त माझ्या मोबाईलवर उघडायचं. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. तरी त्या दुपारी 'लोटन' या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं...

'योगेंद्रने बोलावलेला पाहुणा.'