गुलाबाच्या वासाची धूळ

पैज लागली ती आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखालच्या बाकावर, संध्याकाळी. लावणारे दोघंही पन्नाशी ओलांडलेले, म्हणजे अक्कल यायचं वय कधीच मागे पडलेलं.

एका बाजूला मी, जिला सगळी बिल्डिंग मावशी म्हणते. दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, त्यामुळे कोणाच्या मनात काय चाललंय ते पाकीट न फोडता कळतं, असा त्यांचा समज.

"उद्या दहाला एसीवाला येतोय ना तुमच्या भाचीकडे?" मास्तर म्हणाले.

"येतोय. आणि उद्या तो बोलणार. मनातलं."

"तो? मावशी, त्या माणसाला 'फिल्टर धुवा' एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. बोललीच तर तुमची चिमणी पहिली बोलेल. बोलण्याचाच धंदा आहे तिचा."

"दुसऱ्याचं बोलण्याचा धंदा आहे. स्वतःचं बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. माझ्या बहिणीची मुलगी, आणि मला सांगताय?"

"मग लावा पैज. पहिलं कोण बोलतं."

"लावली."

शिक्षा मीच सुचवली, कारण हरणार मास्तर हे मी धरूनच चालले होते. हरणाऱ्याने भर दुपारी बारा वाजता गेटपाशी स्टूल टाकून बसायचं. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. आणि अर्धा तास येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "काय गारठा पडलाय हो." दिवस असे, की गेटची कडी हाताला चटका देत होती.

"आणि मध्ये लुडबुड करायची नाही," मास्तरांनी बजावलं.

"मी? छे."

मी काय करायचं ते एव्हाना माझं ठरलं होतं.

चिमणी माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. पुस्तकं वाचते — म्हणजे मोठ्यांदा, माइकपुढे. रोज एक प्रकरण वाचायचं आणि पाठवायचं, मग लोक ते कानात घालून ऐकतात. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद, घरघर नको म्हणून एसीही बंद. प्रकरण संपलं की घामाने डबडबलेली पोरगी एसी लावून त्याच्यासमोर उभी राहते, डोळे मिटून, हात पसरून. त्या यंत्राचं तिच्या आयुष्यात काय स्थान आहे ते एवढ्यावरून समजा.

आणि ते यंत्र सांभाळतो तो एसीवाला. मी त्याला थंडोबा म्हणते, अर्थात मनातल्या मनात. उंच, शांत, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. तीन वर्षं येतोय, दर सहा महिन्यांनी. गेल्या वर्षी मात्र त्याने मध्येच, आपणहून फोन केला होता — "मॅडम, पाण्याचा पाइप तुंबला असेल, येऊन बघू का?" आला, तर खरंच तुंबलेला. अजून दोन दिवसांनी पाणी भिंतीवरून थेट माइकवर उतरलं असतं. याला घरबसल्या कसं कळलं, यावर आम्ही महिनाभर डोकं खाजवलं.

तर लुडबुडीचं असं. चिमणी गुणी आहे. थंडोबानेच शिकवल्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी फिल्टरच्या जाळ्या स्वतः नळाखाली धुते, सावलीत वाळवते, परत बसवते. त्यामुळे गेल्या खेपेला त्याचं काम तासाभरात आटोपलं. आता तासाभरात काय होतं सांगा? प्रेम जमायला वेळ लागतो, आणि वेळ मिळायला जरा घाण लागते.

सकाळी ती आंघोळीला गेली. किल्ली माझ्याकडे असतेच. स्टूलावर चढले, एसीचं पुढचं झाकण उचललं, आणि दोन्ही जाळ्यांवर माझ्या पावडरचा अर्धा डबा रिकामा केला.

दहाला बेल वाजली. थंडोबाने बूट बाहेर काढले, पिशवी ठेवली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत विणकाम घेऊन बसले होते.

"मावशी, या उन्हात लोकर?"

"तुम्ही थंडी संपायच्या आत लोकांना सर्व्हिस करून घ्या म्हणता ना. तसंच हे, उलट्या बाजूने."

तो ओठाच्या एका कोपऱ्याने हसला. मग चिमणीकडे न बघता, पिशवीच्या चेनशी खेळत म्हणाला, "मॅडम… पुढच्या खेपेला मी नसेन. दुसऱ्याला पाठवतो. चांगला आहे, घाई करत नाही."

"का? कुठे चाललात?"

"दुसऱ्या गावी शीतगृह आहे, मोठं. तिथे बोलावलंय. सफरचंदं गार ठेवायची."

"सफरचंदं," चिमणी म्हणाली. ज्या आवाजावर लोकांना झोप लागते, त्या आवाजाला तडा गेलेला मी ऐकला. "कधी?"

"आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

माझ्या सुया थांबल्या. म्हणजे हातात उरली एक सर्व्हिस.

त्याने काम सुरू केलं. आधी भिंतीवरचं मेन बटण बंद — रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे तो दर वेळी सांगतो. पलंगावर प्लास्टिक पसरलं. माइकवर चिमणीने स्वतःची ओढणी टाकली. मग त्याने झाकण उचललं, पहिली जाळी काढली… आणि नुसता बघत राहिला. एक बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"मॅडम, जाळ्या कधी धुतल्या होत्या?"

"रविवारी."

"ही धूळ नाही."

"मग?"

"गुलाबाचा वास येतोय."

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांची असल्यापासून ती माझ्या मांडीवर हाच वास घेत मोठी झालीय, तिला काय ओळखायला उशीर लागणार? मी मोठ्याने टाके मोजायला लागले. "चाळीस… एक्केचाळीस…"

तिने माझं नाव घेतलं नाही. थंडोबा बाथरूममध्ये जाऊन जाळ्या धूत बसला. पावडर भिजली की तिची खळ होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बिचारा अर्धा तास जुन्या ब्रशने घासत होता. पण घासताना गुणगुणत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग त्याने एसीच्या खाली ती मोठी प्लास्टिकची झोळी बांधली, तिची नळी बादलीत सोडली. चिमणी स्टूलाशेजारी बॅटरी धरून उभी.

"जरा डावीकडे… अजून… बास."

पिचकारीचं पाणी आतल्या पातळ पत्र्यांवरून झरझर उतरायला लागलं. बादलीत काळपट पाणी जमलं, खोलीत ओल्या धातूचा वास पसरला. तेवढ्यात झोळीची एक कड सुटली, आणि बारीक तुषार चिमणीच्या चेहऱ्यावर, केसांवर…

"माफ करा, मॅडम—"

"राहू दे. गार वाटतंय."

पापण्यांवर थेंब, हातात बॅटरी. उजेड आता एसीवर नव्हता, त्याच्या कॉलरवर होता. दोघांपैकी एकालाही ते कळलं नाही. मला कळलं, पण मी टाके मोजत होते.

बाल्कनीतलं युनिट धुऊन झालं. पाण्याच्या पाइपात हवा मारून झाली. गॅस तपासला, पुरेसा होता. दरवर्षी गॅस भरायलाच लागतो असं सांगणारा भेटला तर चहा न देता वाटेला लावा, हे माझं तुम्हाला फुकट सांगणं. आता जाळ्या बसवायच्या, स्क्रू आवळायचे, की संपलं.

तो स्टूलावर चढला. पाठ आमच्याकडे. आणि हळूच म्हणाला, "मॅडम… एक विचारू?"

आलं, मी मनात म्हटलं. मास्तर, कानटोपी शोधा.

"ती पावडर… तुम्ही टाकली होती?"

"मी नाही टाकली," चिमणी म्हणाली.

"असं."

तो स्क्रू आवळायला लागला. आधीच आवळलेला स्क्रू. माणूस खचला की पाठीवरूनही कळतं, तसा तो दिसत होता. माझा जीव खालीवर. म्हटलं, अरे बाबा, बोल की पुढचं.

"पण…" चिमणीचा आवाज. माइकपुढचा नव्हे, लहानपणीचा. "मला सुचली असती ना, तर टाकली असती."

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"दर पंधरा दिवसांनी जाळ्या धुते मी. दर वेळी वाटतं, कशाला धुतेय… नाही धुतल्या तर तुम्ही लवकर याल. मग वाटतं, तुम्हीच शिकवलंय, म्हणून धुते." तिने श्वास घेतला. "जाऊ नका असं नाही म्हणत. जायचं तर जा. पण हे माहीत असू दे."

खोलीत इतकी शांतता, की रेकॉर्डिंग करावं.

तो स्टूलावरून उतरला नाही. फक्त वळला. "अकरावं प्रकरण," म्हणाला.

"काय?"

"गेल्या वर्षीचं पुस्तक. तो दिवा विझवतो, तिथे तुम्ही थांबलात. आणि मागे टप झालं. परत टप. मी कोणाच्या तरी गच्चीवर होतो, कानात तुम्ही होतात. म्हटलं, पाइप तुंबलाय. लगेच फोन केला."

चिमणीने तोंडावर हात ठेवला.

"सात पुस्तकं ऐकलीत तुमची. शेवटचं पान मात्र एकाचंही नाही."

"का?"

"संपतं ना मग."

"आणि तरी सफरचंदं?"

"सहा महिन्यांतून एक तास दिसता. त्यात मावशी असतात." माझ्याकडे बघून तो चक्क लाजला. "म्हटलं, आवाज काय, तिकडेही येईल. तेवढ्यावर भागवू."

"नाही भागणार," चिमणी म्हणाली. "माझं तरी नाही."

आणि इथे, इतक्या गोड क्षणी, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पहिली बोलली कोण? चिमणी. कशामुळे? पावडरीमुळे. पावडर कोणाची?

त्याने मेन बटण लावलं, एसी सुरू केला. वाऱ्याच्या तोंडाशी छोटा थर्मामीटर धरला. आकडा भराभरा उतरत गेला. "छान गार करतोय," तो म्हणाला, पण बघत होता दुसरीकडेच. मग झाकणाच्या आतलं कार्ड काढून त्यावर त्याने पुढच्या सर्व्हिसची तारीख लिहिली. चिमणीने वाकून वाचलं.

"रविवार? रविवारी काय बिघडणार आहे?"

"काहीच नाही."

जिन्यावर जाऊन त्याने फोन लावला. दाराआडून मला एवढंच ऐकू आलं — "नाही साहेब. इथेच आहे काम."

बारा वाजता मी गेटपाशी स्टूलावर बसले होते. कानटोपी मास्तरांनी स्वतःची दिली, वर दोरी हनुवटीखाली बांधूनही दिली. स्वेटर म्हणजे माझं विणकाम. एकच बाही झालेली, दुसऱ्या खांद्यावरून लोकर लोंबतेय. गच्च्यांवर, खिडक्यांत सगळी बिल्डिंग. मास्तर सावलीत खुर्ची टाकून, घड्याळ मांडीवर ठेवून.

"बोला, मावशी."

"काय गारठा पडलाय हो," मी सायकलवरच्या माणसाला सांगितलं. तो पाय टेकून थांबला, कीव करून पुढे गेला.

"मोठ्याने. आणि लुडबुडीची दहा मिनिटं जास्त. पावडरीचा वास शेजारच्या गल्लीपर्यंत येतोय."

"मान्य."

तेवढ्यात दोघं जिना उतरून आली. थंडोबाने खिशातला थर्मामीटर काढला, अदबीने माझ्या बिनबाहीच्या खांद्याशी धरला, आकडा वाचला आणि जाहीर केलं, "मावशी, सर्व्हिसला आलात तुम्ही."

सगळी बिल्डिंग हसली. चिमणी तर भिंतीला टेकून हसत होती.

"हसा," मी म्हटलं. "आणि इकडे या जरा, थंडोबा. हात पुढे करा."

"का?"

"दुसरी बाही कोणाच्या मापाची करायची, ते इतके दिवस ठरत नव्हतं."

त्याने हात पुढे केला. मी लोकर खांद्यापासून मनगटापर्यंत लावली, गाठ मारून खूण केली, आणि समोरून येणाऱ्या बाईंना मनापासून सांगितलं, "काय गारठा पडलाय हो."